तिसऱ्या दिवसाचं दूध

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती काचा बसवायची. पुढे आरसे, दिवे, गिऱ्हाइकांची वर्दळ. मागे एक टेबल, घासायचं यंत्र, त्यावर पडणारी पाण्याची बारीक धार आणि ती. कड घासायची, फ्रेमला लावून बघायची, पुन्हा घासायची. अर्धा मिलीमीटर जास्त गेला की काच कचऱ्यात. बारा वर्षांत तिच्या हातून अशा किती काचा वाया गेल्या ते बोटांवर मोजता आलं असतं. म्हणून मालकांनी तिचं नाव 'मिलीमीटर' पाडलं, आणि ते असं चिकटलं की नवराही घरी तीच हाक मारायला लागला.

अशा बाईला दुसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा तिनं मोजणंच सोडून दिलं. कितवा महिना असं कुणी विचारलं की म्हणायची, "डॉक्टरांच्या कागदावर आहे." 'बाळ' हा शब्द तोंडातून काढायची नाही. "उद्या पोट दाखवायला जायचंय," एवढंच. सासूबाईंनी एकदा लोकरीची टोपी विणायला घेतली, तर तिनं सुया त्यांच्या हातातून काढून घेतल्या, कपाटात ठेवल्या आणि म्हणाली, "आई, एवढं माझं ऐका." सासूबाई फटकळ होत्या. सारा जन्म लाँड्रीत इस्त्री फिरवण्यात गेलेला, समोरच्याला एका वाक्यात चापूनचोपून घडी घालून ठेवायची सवय. पण त्या दिवशी त्यांनी उरलेली लोकरही स्वतःच उचलून कपाटात ठेवली.

कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी तिचा रक्तदाब भडकला होता आणि एकोणतिसाव्या आठवड्यातच पोट फाडून मुलगी बाहेर काढावी लागली होती. मुलगी दोन दिवस काचेच्या पेटीत होती. पहिल्या दिवशी एक नर्स आली, हातात पंप ठेवला, "दूध असलं तर काढून द्या," म्हणाली आणि गेली. हिनं पंप लावला. अर्धा तास दाबत राहिली. बाटली कोरडीच. नर्सनं परत येऊन बाटली उजेडात धरली आणि म्हणाली, "नाही आलं? राहू दे मग."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी गेली.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी हिला पान्हा फुटला. छाती दगडासारखी झाली, अंगातला झगा भिजून पोटाला चिकटला. पलीकडच्या खाटेवरची बाई आपल्या मुलाला पाजत होती आणि हिचं दूध चादरीवर गळत होतं. कुणीतरी छाती घट्ट बांधली, कुणीतरी गोळी दिली. आठवड्याभरात दूध आटलं. पण मनात एक गोष्ट रुतून बसली ती बसलीच. ती तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती. मुलगी उपाशी गेली. आईजवळ दूध नव्हतं म्हणून उपाशी गेली, आणि मग दूध आलं, उशिरा.

या खेपेला अठ्ठाविसाव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, गोळ्या वाढवल्या आणि कागदावर खरडत म्हणाल्या, "मंगळवारी अकरा वाजता तळमजल्यावर जा. अंगावर पाजण्याचा वर्ग असतो. जोखमीच्या गरोदर बायकांसाठी."

तिला वाटलं, आपण काहीतरी भलतंच ऐकलं. "आत्ता? अजून तर..."

"आत्ताच. तुमच्यासारख्यांचं बाळ लवकर येऊ शकतं. मग शिकायला वेळ मिळत नाही."

लवकर येऊ शकतं, एवढंच तिच्या कानात राहिलं.

घरी सांगितलं तर सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "पाजायला शाळा? उद्या जांभई द्यायचेही वर्ग काढतील. आणि नाहीच आलं दूध, तर डबा आहे की. वरच्या दुधावरची पोरं काय मेली..." आणि जीभ चावून त्या तिथंच थांबल्या.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या खड्ड्यात तारा तपासणारा माणूस, त्याला शांतता फार वेळ सहन व्हायची नाही. "मी येतो तुझ्याबरोबर," तो म्हणाला.

"तुझं काय काम तिथं?"

"बंद पडलेलं चालू कसं करतात, ते शिकायला."

एरवी ती हसली असती.

वर्गाची खोली म्हणजे जुन्या एक्स-रेंचं कोठार होतं. भिंतीला लोखंडी मांडण्या, मध्ये सहा खुर्च्या, टेबलावर एक कापडी बाहुली. शिकवणारी नर्स पन्नाशीची, ठेंगणी, आवाज असा की बंद दाराबाहेरही वर्ग भरावा. सगळं इस्पितळ तिला 'दूधबाई' म्हणायचं, तोंडावरही. तिच्या चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं बांधलेली होती आणि सगळी फ्रेम डावीकडे कललेली. आत शिरल्या शिरल्या हिला आधी तेच दिसलं.

आणखी दोघीजणी होत्या. एक बस कंडक्टर, पोटात जुळी. "पुढे सरका, पुढे भरपूर जागा आहे," म्हणत तिनंच हिला खुर्ची दिली. दुसरी शाळेतली मास्तरीण, हृदयाची झडप अधू असलेली, बोलतानाही मध्ये थांबून श्वास घेणारी. ही दाराजवळच्या खुर्चीवर बसली. नवरा बाहेर बाकड्यावर थांबला.

दूधबाईनं टेबलाच्या खणातून एक मोजा काढला. बदामी रंगाचा, कापूस भरून गोल केलेला, मध्ये गडद दोऱ्यानं बोंड शिवलेलं. कंडक्टर खुदकन हसली.

"हसून घ्या," दूधबाई म्हणाली. "वेळ आली की हाच मोजा आठवेल. आता ऐका. पहिले दोन-तीन दिवस जे येतं तो चीक. घट्ट, पिवळा, थेंब थेंब. बाळाला तेवढा पुरतो. लवकर आलेल्या बाळाला तर तो औषधासारखा. पण पंपाला तो बहुतेक वेळा निघत नाही. निघालाच तर नळीला चिकटून बसतो. बाटली कोरडी दिसते, आणि बाई समजते, आपल्याला दूधच नाही. म्हणून पहिल्या दिवशी हातानं..."

पुढचं हिला ऐकू आलं नाही. खुर्ची करकन मागे सरकली, ती उठली आणि दाराबाहेर पडली. बाकड्यावरून नवरा उठला, तर तिनं हातानंच त्याला थांबवलं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली.

थोड्या वेळानं दूधबाई येऊन तिच्या शेजारी, त्याच पायरीवर, गुडघे धरत बसली.

"म्हणजे होतं?" हिनं विचारलं.

"काय होतं?"

"मागच्या खेपेला. पंप लावला होता. काही आलं नाही. म्हणजे होतं माझ्याजवळ?"

दूधबाईला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "असणार."

"मग ती उपाशी गेली."

"नाही. तिला शिरेतून सगळं चालू होतं. तुमची जुनी फाइल मी सकाळी वाचलीय, वर्गाला येणाऱ्या प्रत्येकीची वाचते. तिची फुप्फुसं तयार नव्हती. त्या पोरीला भुकेनं नेलेलं नाही. तुमच्या हाती पंप देऊन निघून गेली ती नर्स चुकली. दाखवायला हवं होतं, शेजारी बसायला हवं होतं. ती चूक आमच्या बाजूची. तुमच्या बाजूची नाही."

तीन वर्षं जे मनात धरून ठेवलं होतं ते कुणीतरी असं भर जिन्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांशी, सहज उचलून बाजूला ठेवलं. तिला हलकं वाटायला हवं होतं. तिला आणखीच भीती वाटली. आता तो दोष हातात नव्हता, आणि रिकाम्या हातांना दुसरं काही धरायला नव्हतं.

"आणि मी हे सगळं शिकले, आणि पुन्हा तसंच झालं तर?"

"तर शिकलेलं वाया जाईल. आणि न शिकता दुखलं असतं त्यापेक्षा जरा जास्तच दुखेल. मी तुम्हांला फसवणार नाही. पण बाळ आलं आणि राहिलं, तर पहिल्या तासात काय करायचं ते कुणाच्या तोंडाकडे बघत बसायला नको." मग कठडा धरून उठत ती म्हणाली, "या आत. नसेल यायचं तर मंगळवार पुढच्या आठवड्यातही आहे."

त्या दिवशी ती आत गेली नाही. पण पुढच्या मंगळवारी गेली. पर्समध्ये बारीक पेचकस आणि दोन स्क्रू घेऊन गेली, वर्ग सुरू व्हायच्या आधी दूधबाईचा चष्मा मागून घेतला आणि काडी बसवून दिली. हाताला काम असलं की तिला खोलीत बसवायचं. दूधबाईनं चष्मा लावून भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे वा, हा तक्ता सरळच लावलेला होता की."

अंगठा वर, बोटं खाली, बोंडापासून थोडं मागे. आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची. ओढायचं नाही, घासायचं नाही. सोडायचं, पुन्हा दाबायचं. पहिल्या तास-दोन तासांत सुरुवात, मग दर तीन तासांनी. थेंब सिरिंजमध्ये गोळा करायचा. बाळ पेटीत असलं तरी तो त्याच्या गालाच्या आतून फिरवता येतो. हे सगळं ती मोज्यावर शिकली. फक्त मोज्यावर.

"स्वतःवर नाही," दूधबाईनं बजावलं होतं. "काही जणींना डॉक्टर शेवटच्या आठवड्यांत आधीच चीक काढून ठेवायला सांगतात. तुम्हांला नाही सांगितलेलं. तुमचा मागचा इतिहास बघता उगीच कळा सुरू व्हायला नकोत. डॉक्टरांनी सांगेपर्यंत हात लावायचा नाही."

झालं. भीतीला आणखी एक घर मिळालं. आंघोळीला ती साबण गळ्यापासून थेट पोटावर न्यायची. कुशीवर वळताना हात छातीला लागला तरी दचकून काढून घ्यायची. ब्लाऊजचा हूक लावतानाही श्वास धरायची.

घरी सरावाला मोजा नवऱ्याचाच घेतला. तिनं कापूस भरून, दोरा घालून इतका बेताचा बनवला की तो पाहून दूधबाईही खूश झाली असती. एका संध्याकाळी नवरा जमिनीवर मांडी घालून मोज्यावर बोटं कशी ठेवायची ते तिच्याकडून शिकत होता, तेवढ्यात सासूबाई खोलीत आल्या.

"हे काय ते?"

"दूध काढतोय," लेक म्हणाला.

सासूबाईंनी डोळे मिटले. "तुझा बाप असता तर घर सोडून गेला असता." पण त्या गेल्या नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या आणि सून "मागे दाब, आता जवळ आण, सोड," असं म्हणत होती ते शेवटपर्यंत बघत राहिल्या.

बत्तिसावा आठवडा लागला. एका बुधवारी सकाळी दुकानात ती एक काच पुसत होती. काचेवर बारीक चमकते ठिपके होते. पुसले, जाईनात. पाण्यानं धुतली, तरी जाईनात. दुसरी काच उचलली, तिच्यावरही तेच. मग तिच्या लक्षात आलं, ठिपके काचेवर नाहीत, डोळ्यांपुढे आहेत. डोकं तर सकाळपासून ठणकतच होतं. तिनं यंत्र बंद केलं, पाण्याची धार बंद केली, काच पाकिटात ठेवली, आणि पुढे जाऊन मालकांना म्हणाली, "मला इस्पितळात न्या. लगेच."

मालकांनी गिऱ्हाईक तसंच आरशासमोर सोडलं आणि वाटेतूनच तिच्या घरी फोन केला.

पुढचं सगळं भराभर झालं. रक्तदाबाचा आकडा कुणी तिला सांगेना, पण नर्सचा चेहरा सांगत होता. झटके येऊ नयेत म्हणून शिरेतून औषध सुरू केलं. अंगात कुणी कढत पाणी ओतावं तसं ते चढत गेलं, जीभ जड झाली. डॉक्टरीणबाई वाकून म्हणाल्या, "आता थांबता येणार नाही." तिला वाटलं, हे वाक्य आपण आधी ऐकलंय. तोच दिवा, तोच हिरवा पडदा, कमरेखाली तोच बधिरपणा. पडद्यापलीकडे कुणीतरी "मुलगी" म्हणालं. मग मांजराच्या पिलाचा असावा तसा एक आवाज आला, आणि पावलं धावत निघून गेली. चौदाशे ग्रॅम. मुलीबरोबर नवराही वर गेला.

तिला बाजूच्या खोलीत आणलं तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. खाटेशी सासूबाई बसल्या होत्या, मांडीवर पर्स घट्ट धरून.

"किती वेळ झाला?" तिनं विचारलं.

"पाऊण तास. ती बरी आहे, वर आहे. तू पड."

"दूधबाईला बोलवा."

"विचारलं मी. रजेवर आहे ती. उद्या येईल."

तिनं हात उचलून छातीकडे नेला. औषधानं बोटांत जीवच नव्हता. अंगठा आणि बोट जवळ आणायला गेली तर ती एकमेकांना चुकत होती. ज्या हातांनी अर्धा मिलीमीटर कधी सोडला नाही, त्या हातांना स्वतःचं शरीर सापडेना. बाटली उजेडात धरलेली ती नर्स समोर उभी राहिली. राहू दे मग.

"आई, तुम्ही काढा."

"काय काढू?"

"दूध. माझे हात बघा. तुम्हीच काढा."

सासूबाई खुर्चीतच मागे सरकल्या. "अगं, मी कसं... मला नाही बाई जमायचं. नर्सला बोलावते."

"तिला दहा जणी आहेत. आई, तुम्ही बघितलंय. दारात उभ्या राहून बघितलंय. मी सांगते तसं करा. हात धुवा आधी."

सासूबाईंनी पर्स खाली ठेवली. बेसिनशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा. मग पडदा ओढला. इस्त्रीच्या मुठीनं घट्टे पडलेले ते हात, बोटांवर जुन्या चटक्यांचे डाग. ते हात सुनेच्या अंगाला लागले तेव्हा थंडगार होते.

"अंगठा वर. बोटं खाली. आणखी मागे. हां. आता माझ्या छातीकडे दाबा."

"दुखतंय का?"

"नाही. आता जवळ आणा. ओढू नका, आई. सोडा. पुन्हा."

पाच मिनिटं गेली. काही नाही. दहा मिनिटं. सासूबाईंच्या कपाळावर घाम आला. पडद्यातून नर्सनं डोकावून "अहो, काय चाललंय?" म्हटलं, मग तिला कळलं, आणि ती एक बारीक सिरिंज आणून शेजारी उभी राहिली. खाटेवरची ही छताकडे बघत होती. खाली बघायची तिची हिंमत नव्हती. या खेपेलाही कोरडंच असलं तर ते तिला डोळ्यांनी बघायचं नव्हतं.

"आला!" सासूबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की पलीकडच्या खाटेवरची बाई दचकून उठली. "अगं, आला! पिवळाधमक आहे बघ!"

एक थेंब. बोंडावर थांबलेला, गुळाच्या पाकासारखा दाट. नर्सनं तो सिरिंजनं हलकेच ओढून घेतला. मग आणखी एक. मग बराच वेळ काही नाही, मग आणखी दोन. सगळं मिळून पाव मिलीलीटरही भरलं नाही. तेवढ्यात नवरा खाली आला. नर्सनं सिरिंजला टोपण लावून, चिठ्ठी चिकटवून त्याच्या हातात दिली. "तिसरा मजला. लगेच."

आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलेला तो माणूस लिफ्टची वाट न बघता जिन्यानं पळाला.

दुसऱ्या दिवशी दूधबाई आली. सिरिंजांची ओळ पाहिली, सासूबाईंचे हात हातात घेऊन पाहिले आणि म्हणाली, "बाई, माझ्याकडे नोकरी कराल का?" सासूबाई म्हणाल्या, "इस्त्रीपेक्षा सोपं आहे, चटका तरी बसत नाही." सगळे हसले. तीही हसली. पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. दुसरा दिवस. संध्याकाळ व्हायची होती.

संध्याकाळ झाली आणि गेली. वरून काही निरोप आला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला छाती जड लागली. दगड. वर्गात शिकवलेलं सगळं आठवत होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरतं, चांगलं लक्षण. पण तिच्या अंगाला वर्ग माहीत नव्हता. तिच्या अंगाला एवढंच ठाऊक होतं की दूध येतं ते मूल गेल्यावर. तिनं दोन्ही हात छातीवर घट्ट आवळून घेतले, जणू दाबून धरलं तर ते मागे फिरेल. नर्स चाकांची खुर्ची घेऊन आली, "चला, वर बाळाला बघायला." तिनं मान हलवली. "नंतर." सासूबाईंनी विचारलं, "काढायची वेळ झाली ना?" ती म्हणाली, "नाही."

"तीन तास झाले."

"नाही म्हटलं ना!"

सासूबाईंना काय समजलं कोण जाणे, त्यांनी काढलेली वाटी पुन्हा झाकून ठेवली.

अकराच्या सुमाराला नर्सच्या टेबलावरचा फोन वाजला. "हो. सात नंबर? तिची आई इथंच आहे. बरं. बरं, सांगते." फोन ठेवल्याचा आवाज. मग सपातांचा आवाज, फरशीवरून सरळ तिच्या खाटेकडे येणारा. तिनं भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर रंगाचा एक पोपडा उडालेला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, हा पोपडा आपल्याला जन्मभर आठवणार.

"ताई, वरून विचारतायत, आणखी दूध आहे का?"

ती वळली नाही.

"सकाळी पाठवलेलं संपलं. आता दर वेळी दोन-दोन मिली देतायत, म्हणून जास्त लागेल."

"काय म्हणालात?"

नर्सनं पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा सांगताना नर्सला हसू फुटलं, "अहो, भूक लागलीय तुमच्या पोरीला!"

आणि मग ती जी रडायला लागली ती आवरेना. रडता रडताच पान्हा फुटला. झगा भिजला, चादर भिजली. सासूबाई "थांब, थांब, वाया जातंय," म्हणत निर्जंतुक वाटी पुढे धरून उभ्या. दोघींची धांदल बघून नर्सनं पडदा ओढून घेतला.

दुपारी ती खुर्चीत बसून वर गेली. पेटीच्या काचेआड मुलगी होती. हाडं, कातडी, टोपी आणि नाकातून गेलेली एक नळी. नर्सनं नळीला सिरिंज जोडून उंच धरली. दूध आपल्या भारानं हळूहळू खाली उतरत गेलं. ती त्या उतरणाऱ्या रेघेकडे श्वास रोखून बघत होती, कुठं थांबेल म्हणून. थांबली नाही.

भीती मात्र तिथंच संपली नाही. नवव्या दिवशी पोरीचं पोट फुगलं आणि दूध बंद करावं लागलं. "जंतुसंसर्ग असू शकतो," एवढंच डॉक्टर म्हणाले. दूधबाईनं सांगितलं, "तुम्ही काढत राहा. थांबलात तर परत आणणं जड जाईल." ज्या मुलाला द्यायचं नाही त्याच्यासाठी दर तीन तासांनी दूध काढायचं. प्रत्येक डबीवर तारीख, वेळ. फ्रीजमध्ये डब्यांची रांग वाढत गेली, आणि त्या रांगेकडे बघवेना. "आणि लागलंच नाही तर?" तिनं एकदा विचारलं. दूधबाईनं बाही वर सारली आणि बेसिनपाशी उभी राहून हिच्याबरोबर वाट्या धुतल्या.

दूध बंद केल्याच्या पाचव्या दिवशी पोट बसलं आणि दूध पुन्हा सुरू झालं. अर्ध्या मिलीपासून.

मग दिवस लागले ओळीला. आधी छातीवर उघड्या अंगानं धरायला दिली. हिला वाटायचं, आपल्या काळजाच्या धडधडीनंच ती घाबरेल, पण ती झोपायची. पस्तिसाव्या आठवड्यात पहिल्यांदा अंगावर लावली. पाच घोट ओढले आणि सहाव्याला गाढ झोप. कंडक्टरबाई तोवर बाळंत झाली होती. "दोन्ही दारं एकदमच उघडली," असं ती सगळ्यांना सांगायची. ती जुळ्यांना दोन काखांत धरून भेटायला आली आणि पेटीकडे बघून म्हणाली, "लहान आहे, पण बसलीय नीट. उतरणार नाही ही." अडतिसाव्या दिवशी पोरगी घरी आली.

घरी आल्यावरही मिलीमीटर तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायचीच. आंघोळ अर्धी सोडून बघून यायची. दूध नीट चाललंय, वजन वाढतंय, सगळे सांगत होते. ती मान हलवायची आणि पुन्हा बोट धरायची. घराला तिची भीती ओळखीची झाली होती. कपबशी फुटली तरी तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे.

पोरगी सात महिन्यांची झाली तेव्हाची गोष्ट. भर सकाळी, आतल्या खोलीत ती पाजत बसली होती. बाहेर नवरा बूट घालत होता, सासूबाई कपडे वाळत टाकत होत्या. आतून एकदम किंकाळी आली. तिचीच. जिवाच्या आकांतानं ओरडावं तशी. नवरा एका पायात बूट घेऊन धावला. सासूबाई ओला टॉवेल हातात घेऊन. दोघं दारात थडकली. दोघांच्याही तोंडावरचं रक्त उडालेलं.

ती पलंगावर बसली होती, डोळ्यांत पाणी, एक हात छातीवर. मांडीवरची पोरगी या सगळ्या गोंधळाकडे मान वळवून कुतूहलानं बघत होती.

"काय झालं? काय झालं गं?"

तिनं पोरीचा खालचा ओठ बोटानं हळूच खाली ओढून दाखवला. हिरडीतून तांदळाच्या कणीएवढा पांढरा दात वर आला होता.

"चावली," ती म्हणाली.

सासूबाई ओला टॉवेल मांडीवर घेऊन तिथंच जमिनीवर बसल्या. पोरीनं आईचा पदर ओढला आणि उरलेलं प्यायला पुन्हा तोंड उघडलं. तिनं थोडं घाबरतच तिला जवळ घेतलं.